पूर ओसरतो, साखर चढते

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली, की पहिला प्रश्न असतो : "राजारामला किती झालं?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतं. सांगलीचा हिशेब कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मांडला जातो : ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं ५५ फुटांची रेघ ओलांडली आणि कृष्णेनं ५७ फुटांची. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतून चार लाखांहून अधिक माणसं घरं सोडून बाहेर पडली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी नावच उलटली आणि त्यात अनेकांचे जीव गेले.

पाणी उतरलं, चिखल उरला आणि पंचनामे सुरू झाले. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक दारोदार फिरले. घर पूर्ण पडलं की थोडं, दुभती जनावरं किती वाहून गेली, ऊस किती गुंठे कुजला, दुकानातला माल किती भिजला याची नोंद झाली. सरकारी मदत नोंदीवरच मिळते, त्यामुळे ती नोंद महत्त्वाचीच. पण त्या तक्त्यात एक रकाना तेव्हा नव्हता आणि आजही नाही : या घरात रोज औषध घेणारं कोण आहे, ते औषध किती दिवस चुकलं आणि त्या माणसाला आता झोप लागते का?

आपत्तीनंतर मनाला होणाऱ्या जखमांविषयी आपण अलीकडे थोडं बोलू लागलो आहोत. साथीचे रोग, गढूळ पाणी, लेप्टो, डेंग्यू यांविषयी तर आरोग्यखातं दरवर्षी जागं असतं. या दोन्हींच्या मधे एक मोठा वर्ग निसटतो. आधीपासूनच मधुमेह, रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचा विकार, फिट्स, संधिवात, कर्करोग किंवा जुना मनोविकार घेऊन जगणारी ही माणसं. पुरानं किंवा भूकंपानं त्यांचा देह आणि मन एकाच वेळी उसवतं आणि दोन्ही एकमेकांना आणखी खाली ओढत नेतात. या माणसांना गोळी एका खिडकीवर आणि धीर दुसऱ्या खिडकीवर, अशी मदत पुरत नाही. दोन्ही एकाच हातातून, एकाच वेळी, त्यांच्या दारात पोचायला हवं. ते कसं शक्य आहे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

शिस्तीवर उभं असलेलं आरोग्य

जुनाट आजार बहुधा बरे होत नाहीत, ते ताब्यात ठेवावे लागतात, आणि ते ताब्यात राहतात रोजच्या शिस्तीनं. सकाळची उपाशीपोटीची गोळी, ठरलेल्या वेळी जेवण, इन्सुलिनचं इंजेक्शन, संध्याकाळची फेरी, महिन्याच्या ठरलेल्या दिवशी दवाखाना. या शिस्तीमागं घर असतं, फ्रीज असतो, गावातलं मेडिकल असतं, एसटी असते आणि आठवण करून देणारं माणूस असतं. आपत्ती यातली एकेक गोष्ट काढून घेते.

शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या एखाद्या गावातली साठीची बाई डोळ्यांपुढे आणा. दहा-बारा वर्षांपासून शुगर, पाच वर्षांपासून बीपी. रात्री गल्लीत पाणी शिरलं, पोरं ओरडत आली, म्हशी सोडल्या, नातवाला कडेवर घेतलं आणि नावेत बसली. गोळ्यांचा डबा देवळीत राहिला. डॉक्टरांची चिठ्ठी ट्रंकेत होती, ती भिजून लगदा झाली. शाळेतल्या निवारा केंद्रात कुणी विचारलं, "मावशी, गोळी कुठली?" तर ती सांगते, "पांढरी, बारकी. सकाळची एक आणि रातची अर्धी." पांढऱ्या बारक्या गोळ्या शेकड्यांनी असतात. शिबिरातला तरुण डॉक्टर त्यावर काय लिहून देणार?

मग जेवण. पूरग्रस्तांसाठी राज्यभरातून टेम्पो भरभरून माया येते. बिस्किटांचे पुडे, केळी, चिवडा, फरसाण, लोणच्याची पाकिटं, दोन वेळची खिचडी. देणाऱ्याच्या मनाविषयी शंका नाही. पण शुगरच्या माणसाला बिस्किटं, बीपीच्या माणसाला लोणचं-फरसाण आणि डायलिसिसवरच्या माणसाला केळी हा आहार रोज आठ दिवस मिळाला, तर प्रकृती ढासळायला आणखी कशाची गरज उरत नाही. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात केळ्यातलं पोटॅशियम साठत जातं आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके अवचित थांबू शकतात.

अशा वेळी ही बाई बोलत नाही. "इथं लोकांची घरं गेलीत, मी माझ्या गोळीचं काय घेऊन बसू?" असं तिला वाटतं. "आपलं काय, आधी लेकरांचं बघा," ही आपल्याकडच्या बायकांची सवय आपत्तीत अधिकच घट्ट होते. पुरुषांची गोष्ट निराळी असली तरी शेवट तोच. तो ऊस, कर्ज आणि जनावरं यांच्या विचारात गढलेला असतो. गोळी चुकली हे त्याच्या लक्षातच येत नाही, आणि आलं तरी तो ते सांगत नाही.

धडधड कशाची?

भीती मनात सुरू होते, पण तिथं थांबत नाही. धोका दिसताच शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं उसळतात. पळायला आणि लढायला बळ मिळावं म्हणून ती रक्तातली साखर वाढवतात, रक्तदाब चढवतात, ठोके जलद करतात. धडधाकट माणसात हे वादळ काही तासांत शमतं. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसात मात्र आधीच काठोकाठ भरलेल्या धरणात आणखी पाणी यावं, तसं होतं.

१७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस परिसरात नॉर्थरिजचा भूकंप झाला. त्या दिवशी हृदय अचानक बंद पडून २४ जण गेले. एरवी हा आकडा दिवसाला सरासरी पाचाच्या आत असे. ही माणसं ढिगाऱ्याखाली सापडलेली नव्हती. त्यांतल्या बहुतेकांची हृदयं आधीच आजारी होती आणि भीतीचा धक्का त्यांना सोसला नाही. पुढच्याच वर्षी जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या रुग्णांचे आकडे चढलेले आणि झटके वाढलेले नोंदवले.

यातून एक व्यावहारिक पेच उभा राहतो आणि शिबिरात काम करणाऱ्या प्रत्येकानं तो समजून घ्यायला हवा. एक माणूस येतो आणि सांगतो, "जीव घाबरा होतोय, छातीत धडधडतंय, हातपाय कापतायत, घाम सुटलाय." ही भीतीची लक्षणं असू शकतात. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण न मिळाल्यानं साखर घसरली असेल, तरीही लक्षणं अगदी हीच असतात. हृदयविकाराचा झटकाही असाच सुरू होऊ शकतो. रोजची दारू अचानक तुटलेल्या माणसालाही असाच कंप सुटतो. "घाबरू नका काका, सगळं नीट होईल," असं म्हणून पाठीवर हात ठेवणं माणुसकीचं आहे, पण साखर ४० वर आलेल्या माणसाला आधी ग्लुकोज लागतं. उलट, मन खचल्यामुळे जेवण-पाणी सोडलेल्या माणसाला फक्त सलाइन लावून घरी पाठवलं, तर तो पुन्हा तसाच येतो. बोटाच्या टोकावर सुई टोचून साखर पाहणं आणि "रात्री झोप लागते का?" हे विचारणं, दोन्ही एकाच खुर्चीवर बसून व्हायला हवं.

आपल्याकडची माणसं मनाचं दुखणं बहुधा देहाच्या भाषेत सांगतात. डोकं जड झालंय, अंगात त्राण नाही, पोटात गोळा येतो, पाठ भरून आलीये. ज्याला आधीच आजार आहे, त्याच्या अशा तक्रारी सरळ जुन्या आजाराच्या खात्यावर जमा होतात. शुगरमुळे थकवा, बीपीमुळे डोकं, वयामुळे झोप नाही. डॉक्टर गोळी वाढवतो, नैराश्य तसंच राहतं. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट असतं, हे एरवीच्या, शांत दिवसांतलं वास्तव आहे. त्यावर घर वाहून जाण्याची भर पडली की काय होत असेल, हे समजायला मोठं शास्त्र लागत नाही. नैराश्य आलेला माणूस औषध घेत नाही. "कशाला जगायचं?" असं ज्याला वाटतं, तो पथ्य कुणासाठी पाळेल? औषध सुटलं की साखर चढते, साखर चढली की थकवा आणि चिडचिड वाढते, आणि मन आणखी खाली जातं. एखाद्याची वर्षभरानंतर पायाची जखम चिघळते आणि बोट काढावं लागतं. दवाखान्याच्या कागदावर पुराचा उल्लेख कुठंही नसतो.

किल्लारीनं दाखवलेलं

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून दमूनभागून झोपलेली लातूर-उस्मानाबादची गावं किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सुमारे आठ हजार माणसं गेली. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली.

भूकंपानंतर महिन्याभरानं मनोविकारतज्ज्ञांनी वाचलेल्या काही गावकऱ्यांची तपासणी केली. त्यांतल्या ५९ टक्के लोकांत मनोविकाराचं निदान झालं, मुख्यतः आघातानंतरचा ताणविकार आणि नैराश्य. अभ्यास लहान होता, पण भारतातल्या अशा पहिल्या अभ्यासांपैकी तो एक. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेतून या भागात दीर्घकाळ काम केलं. आपत्तीनंतरचं मन हा अभ्यासाचा आणि सरकारी जबाबदारीचा विषय आहे, हे या देशात रुजायला किल्लारी, नंतर ओडिशाचं १९९९चं चक्रीवादळ, गुजरातचा २००१चा भूकंप आणि २००४ची त्सुनामी या आपत्ती कारण झाल्या. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं त्यातून प्रशिक्षणाची एक पद्धतच उभी केली.

किल्लारीच्या परिसरात धक्के बसत राहिले. नवी पक्की घरं बांधून झाल्यावरही कितीतरी माणसं रात्री छताखाली झोपायला धजत नव्हती, अंगणात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये झोपत होती. रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहतीत जुनी गल्ली, जुना पार, जुना शेजार राहिला नाही. म्हाताऱ्या आजारी माणसाला शेजार म्हणजे निम्मं औषध असतं. "काकू, आज बाहेर दिसला नाहीत?" असं विचारणारं कुणी उरलं नाही, की आजार एकट्यानं वाहावा लागतो. पुनर्वसनाचे नकाशे आखताना घरांचे चौरस फूट मोजले जातात. कोण कुणाच्या शेजारी राहत होतं, हेही त्या नकाशात आलं पाहिजे.

जगानं मोजलं, म्हणून कळलं

२००५च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळानं अमेरिकेचं न्यू ऑर्लिन्स शहर बुडवलं. हार्वर्डच्या रोनाल्ड केसलर यांच्या गटानं वादळातून वाचलेल्यांचा पाठपुरावा केला. जुनाट आजार असलेल्यांपैकी पाचातल्या एकाचे उपचार वादळामुळे कमी झाले किंवा साफ तुटले होते. मनाच्या बाबतीत त्यांना जे दिसलं, ते जास्त अस्वस्थ करणारं होतं. एरवी आपत्तीनंतर मनाचे त्रास काळानुसार कमी होतील अशी अपेक्षा असते. इथं एका वर्षानं पुन्हा पाहिल्यावर ते वाढलेले निघाले. आघातानंतरच्या ताणविकाराचं प्रमाण १४.९ टक्क्यांवरून २०.९ टक्क्यांवर गेलं होतं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण २.८ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर पोचलं होतं. घराची दुरुस्ती, विम्याचे कागद, गेलेली नोकरी यांची कटकट संपत नव्हती. आपल्याकडे मदतीचे टेम्पो दोन आठवड्यांत परत जातात, कॅमेरे त्याआधीच. खरी पडझड त्यानंतर सुरू होते.

त्याच शहरातल्या डायलिसिसच्या रुग्णांची पाहणीही झाली. ४४ टक्के रुग्णांचं किमान एक डायलिसिस चुकलं होतं आणि साधारण सहातल्या एकाची तीन किंवा अधिक चुकली होती. डायलिसिसच्या या रुग्णांत पुढे सुमारे चौथ्या हिश्शाला आघातानंतरच्या ताणविकाराची लक्षणं होती. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास यंत्राला जोडलेला माणूस पाण्यानं वेढला जातो, तेव्हा त्याला घराची काळजी असतेच, पण आपल्या रक्तात विष साठतंय हे तो तासातासानं मोजत असतो. मिरज हे दक्षिण महाराष्ट्राचं दवाखान्यांचं गाव. सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण तिथं येतात. कृष्णा-वारणा-पंचगंगेच्या काठचे रस्ते बंद झाले, की या साऱ्यांचा मिरजेशी संबंध तुटतो.

२०१७च्या सप्टेंबरमध्ये मारिया वादळ पोर्टो रिको बेटावर धडकलं. वीज काही महिने आली नाही. सरकारी मृत्यूंचा आकडा दीर्घकाळ ६४ होता. एका पाहणीत असं दिसलं, की वादळानंतरच्या मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश उपचार लांबल्यानं किंवा तुटल्यानं झाले होते. अखेर २०१८ मध्ये सरकारनं २,९७५ हा आकडा मान्य केला. फ्रीज बंद पडलेल्या घरांतलं इन्सुलिन आणि बंद पडलेली ऑक्सिजनची यंत्रं त्या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहेत.

जपाननं यावर कायद्यानंच उत्तर दिलं आहे. तिथं आपत्तीत थेट न मरता नंतर निवाऱ्यातल्या हालांमुळे, उपचार तुटल्यामुळे, खचून जाऊन जो माणूस मरतो, त्याची नोंद 'आपत्ती-संबंधित मृत्यू' म्हणून होते. कुटुंबाला सरकारी सांत्वन-निधीही मिळतो. ११ मार्च २०११च्या भूकंप-त्सुनामीनंतर असे ३,७०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. फुकुशिमा प्रांतात तर ही संख्या लाटेनं थेट घेतलेल्या बळींपेक्षा जास्त आहे. स्थलांतरितांमध्ये मधुमेह आणि रक्तदाब वाढल्याचं, मनाचा ताण वाढल्याचं तिथल्या आरोग्य-पाहणीनं वर्षानुवर्षं नोंदवलं. याच आपत्तीत जपानी लोकांच्या एका साध्या सवयीनं मोठी मदत केली. तिथं रुग्णाकडे स्वतःची औषध-वही असते आणि घेतलेल्या प्रत्येक औषधाची नोंद औषधविक्रेता तिच्यात करतो. ज्यांच्याकडे वही होती, त्यांना अनोळखी गावातही लगेच औषध मिळू शकलं.

आपल्याकडे पुरात बुडून माणूस गेला, तर वारसाला चार लाख रुपयांचं सानुग्रह अनुदान मिळतं. पुरानंतर तीन आठवड्यांनी, गोळ्या चुकल्यामुळे पक्षाघात होऊन गेला, तर काही नाही. पैशाहून महत्त्वाचं हे, की तो मोजलाच जात नाही. आणि जे मोजलं जात नाही, त्याची तयारीही होत नाही.

ओझं झाल्याची भावना

आजारी माणसाच्या मनातली एक जखम वेगळीच असते. ती बोलून दाखवली जात नाही. "माझ्यामुळे उशीर झाला. मला खुर्चीवर बसवून चौघांनी उचललं, तेवढ्यात म्हशी सोडायच्या राहिल्या." आपण घराला ओझं झालो, ही भावना दीर्घ आजाराच्या माणसाला एरवीही छळत असते. आपत्तीत तिला पुरावाच मिळतो. अंथरुणाला खिळलेला म्हातारा, पाय कापलेला मधुमेही, पांगळा मुलगा असलेली आई यांना निवारा केंद्रात संडासला जायचीही लाज वाटते. म्हणून ते पाणी कमी पितात, जेवण कमी करतात. त्यातून मूत्रसंसर्ग होतो, साखर बिघडते. पुढच्या वेळी "मला इथंच राहू द्या, तुम्ही जा," असं म्हणणारी माणसं यांतूनच तयार होतात. हा हट्टीपणा वाटला तरी ते मनाचं दुखणं आहे आणि त्याच्यावर इलाज होऊ शकतो.

ज्यांचा जुना आजारच मनाचा आहे, त्यांची दशा आणखी बिकट. स्किझोफ्रेनियाची किंवा द्विध्रुवी विकाराची गोळी दोन आठवडे चुकली, तर बरी होत आलेली व्यक्ती पुन्हा कोसळू शकते. लिथियम घेणाऱ्याला जुलाब लागून अंगातलं पाणी कमी झालं, तर तेच औषध विषासारखं वागतं. फिट्सची गोळी एकाएकी तुटली, तर फिट थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते. ही औषधं गावातल्या मेडिकलमध्ये बहुतेक वेळा नसतात. राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून घाट बंद झाले, तेव्हा कोल्हापूरकडून रत्नागिरीला जाणंच मुश्कील झालं. त्याच दिवसांत चिपळूणची सारी बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्यात गेली आणि त्यात औषधांची दुकानंही गेली.

आणखी एक माणूस कुणाच्या हिशेबात नसतं : सांभाळणारं. बहुधा ती सून असते, बायको असते, मुलगी असते. चिखल तीच काढते, सासऱ्याचं इंजेक्शन तीच शोधते, रांगेत तीच उभी राहते. तिची स्वतःची थायरॉइडची गोळी महिनाभर बंद आहे, हे तिलाही आठवत नाही.

पाऊस पुढच्या वर्षी पुन्हा येतो. आषाढ लागला, की व्हॉट्सअ‍ॅपवर दर दोन तासांनी फूट-इंचांचे संदेश फिरू लागतात. २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर पाहिलेल्या माणसाला ३५ फूट वाचूनच धाप लागते. रात्री उठून तो गल्लीत पाणी आलं का, ते पाहून येतो. या काळात बीपीच्या रुग्णांचे आकडे का चढलेत, हे त्यांना विचारल्याशिवाय कळणार नाही. २०२५च्या सप्टेंबरमध्ये सीनेच्या पुरानं सोलापूर आणि धाराशिवच्या गावांना वेढलं. ज्यांनी आयुष्यभर दुष्काळ पाहिला, टँकरची वाट पाहिली, त्या माणसांच्या मनात आता पाण्याची भीती बसली आहे. त्यांच्याकडे कोल्हापूर-सांगलीसारखी पुराची सवयही नाही.

हाताशी आहे ते

निराश व्हावं अशी परिस्थिती मात्र नाही. लागणारी बहुतेक साधनं आपल्याकडे आहेत, ती एकमेकांना जोडलेली नाहीत इतकंच.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २००९ मध्येच मानसिक-सामाजिक आधारासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही मोफत फोनसेवा आहे आणि तिच्यावर मराठीतून बोलता येतं. मानसिक प्रथमोपचाराची पद्धत जगभर मान्य झाली आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. कुणाला काय हवंय ते पाहायचं, तो सांगेल तेवढंच शांतपणे ऐकायचं आणि औषध, नातेवाईक, डॉक्टर यांच्याशी त्याला जोडून द्यायचं. "काय झालं ते पुन्हा पहिल्यापासून सांगा," असं कुणालाही बळंच बोलायला लावायचं नाही. त्यानं जखम भरत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट केलं आहे. या तीन पायऱ्या शिकायला पदवी लागत नाही. शिक्षक, महिला बचत गट, तरुण मंडळाची पोरं, कुणीही त्या शिकू शकतं.

सगळ्यांत मोलाची गोष्ट आशाताईंच्या पिशवीत आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची असंसर्गजन्य आजारांसाठी पडताळणी करायचा एक फॉर्म त्या भरतात. गावात शुगर कुणाला, बीपी कुणाला, हे त्यातून त्यांना माहीत असतं. याच फॉर्ममध्ये मनाविषयीचे दोन प्रश्न आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटलं का? म्हणजे कुणाला विचारायचं त्याची यादी आणि काय विचारायचं ते प्रश्न, दोन्ही सरकारच्या कागदावर आधीच एकत्र आहेत. पूर ओसरल्यावर तीच यादी घेऊन, तेच दोन प्रश्न घेऊन, सोबत गोळ्या आणि साखर मोजायचं यंत्र घेऊन घरोघर जायचं, एवढंच करायचं आहे. पहिल्या आठवड्यात एकदा, तीन महिन्यांनी एकदा आणि वर्षानं पुन्हा एकदा. कारण कॅटरिनानं दाखवलं, की वर्षानंतरची फेरी सगळ्यांत गरजेची असते.

मेमधल्या मान्सूनपूर्व बैठकीत नावा, दोर, जनरेटर यांची मोजदाद होते. त्याच बैठकीत पूररेषेतल्या प्रत्येक गावाच्या आजारी माणसांची यादी ठेवता येईल. डायलिसिसवर कोण, ऑक्सिजनवर कोण, इन्सुलिनवर कोण, फिट्सची आणि मनोविकाराची औषधं कुणाला. यांना पाणी इशारा पातळीला पोचायच्या आत, सगळ्यांत आधी हलवायचं. जूनमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रातून या रुग्णांना एक महिन्याची औषधं आगाऊ द्यायची. निवारा केंद्रात बिस्किटांसोबत भाकरी, उसळ, अळणी डाळ ठेवायची आणि संडास जवळ ठेवायचा.

घरच्या पातळीवरही थोडं करता येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावा. पंधरा दिवसांची औषधं, थोडी साखर, ओआरएस आणि चष्मा एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, दाराजवळ उंचावर असावीत. इन्सुलिनची न उघडलेली कुपी फ्रीजमध्ये लागते, पण वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे घरातल्या थंड जागी टिकते. वीज गेली, तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडकं ठेवावं आणि कुपी त्यात, झाकून. पाणी घातलं की मडकं आतून थंड राहतं. डायलिसिसच्या रुग्णानं पाणी चढताना काय खायचं, काय टाळायचं, किती पाणी प्यायचं, हे आपल्या डॉक्टरांना पावसाळ्याआधीच विचारून लिहून घ्यावं.

हे सगळं आशाताईंच्याच खांद्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. त्या मोबदल्यावर काम करतात, त्यांचंही घर बुडालेलं असतं, त्यांनाही बीपी असतं. आपत्तीच्या कामाचा वेगळा आणि वेळेवर मोबदला, सोबत समुदाय आरोग्य अधिकारी आणि त्यांचं स्वतःचं मन मोकळं करायला एखादं माणूस, हे सोबत नसेल तर हा बेत कागदावरच राहील.

माझी मागणी नेमकी आहे. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक जातात. त्यांच्यासोबत आशाताईंना अधिकृतपणे जोडलं जावं आणि तक्त्यात तीन प्रश्नांचा एक रकाना वाढवावा. या घरात कायमचं औषध कोण घेतं? किती दिवसांचं उरलंय? गेल्या दोन आठवड्यांत त्या माणसाला उदास वाटतंय का? उत्तरं त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे जावीत आणि आठवड्याभरात त्या घरी माणूस पोचावं. पुरानंतरच्या वर्षात उपचार तुटून झालेल्या मृत्यूंची जपानसारखी नोंद व्हावी, म्हणजे पुढच्या वेळी तयारी कशाची करायची ते सरकारला दिसेल. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवी योजना लागत नाही. लागतो एक शासन निर्णय, आणि तो पुढच्या जूनच्या आत निघू शकतो. लोकप्रतिनिधी मत मागायला आले, की रस्त्याबरोबर आणि धरणाच्या विसर्गाबरोबर हा रकानाही मागायला हवा. पूररेषेतल्या गावांनी आपापल्या ग्रामसभेत तसा ठराव करून त्याची सुरुवात करावी.